सखूबाईच्या दारची पालखी

घाटकोपर, ६ मार्च २०२५

जान्हवी,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव, तुझ्या आवडीच्या भाषेत सांगायचं तर तो तुझा हक्क.

तुझा निरोप नीलमने दिला. इतके महिने आईची आठवण झाली नाही, आणि झाली ती अशी, "काकूंना विचार, साक्ष देणार का?" बिचारी नीलम शेजारधर्म म्हणून सांगायला आली. मी वाल सोलत होते. तिला म्हटलं, तुझ्या मैत्रिणीला आधी कळव की आई जिवंत आहे, मग साक्षीचं बघू.

पत्र लिहिते आहे कारण आम्हा दोघांत मोबाइल एकच, आणि तो दिवसभर तुझ्या वडिलांच्या हातात. गावच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणजे काय, एक क्षण फोन खाली ठेवायची सोय नाही. म्हणून तुझ्या दिल्लीच्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडते.

सखूबाई गेल्याचं तिच्या सुनेने, नमिताने तुला कळवलंच असेल. पण एक गोष्ट तिने कळवली नसेल, कारण ती तिलाही ठाऊक नाही. सखूबाई माझ्याकडे येते.

दुपारी येते. तुझे वडील बाहेर गेलेले असतात, मी भांडी आवरून जरा टेकते, मान वर करावी तर दारात ती. भूत म्हणू नकोस, मीही म्हणत नाही. मी तिचे पाय बघून घेतले, सरळ आहेत. तीच करडी साडी, तोच डोक्यावरून पदर. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहते. आत ये म्हटलं तर मान हलवते. वाळीत टाकलेल्या माणसाने गाववाल्यांच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम तिने जिवंतपणी पाळला आणि मेल्यावरही पाळते आहे. सख्ख्या जावा आम्ही. असल्फ्याच्या डोंगरावर एका खोलीत दोघींनी संसार केले, एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या. आणि आता ती माझ्या दारात परक्यासारखी उभी असते, हे बघवत नाही गं.

ती मला एक गोष्ट विचारते. काय ते आज लिहवत नाही.

तू म्हणशील, मला सगळं माहीत आहे, तक्रार मीच लिहिली. तुला कागदावरचं माहीत आहे. मागच्या शिमग्याला गावी देवीची पालखी घरोघर फिरत होती. आपल्या दारात आली तेव्हा सवाष्णींनी ओटी भरायला पुढे व्हायचं, तर नमिता पुढे झाली. तिचा नवरा हितेश जाऊन तीन वर्षं होत आली होती. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, आणि सूप धरायला मागे सासू. सखूबाई स्वतः विधवा, तिने रामचंद्रभावोजी गेल्यापासून कधी ओटी भरली नाही. पण सुनेला म्हणाली, "जा गो, भर. तुझा काय चुकला?" मी शेजारीच होते. नमिताच्या हातून तांदूळ सांडले, एवढंच मला आठवतं. गाववाल्यांना मात्र आभाळ कोसळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. दोघींना वाळीत टाकलं. त्यांच्याकडे कुणी पाणी प्यायचं नाही, लग्नामुंजीला बोलवायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, पालखी त्यांच्या दारात जाणार नाही. गावात आणि मुंबईतही. मुंबईच्या मंडळाच्या सभेत हा ठराव वाचून दाखवला तो तुझ्या वडिलांनी. मी तिथे चहा देत होते, माझ्या कानांनी ऐकला. म्हणून तुला मी साक्षीला हवी. बाकी सगळ्यांचं एकच, आम्ही काही ऐकलं नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, जान्हवी. तू पोलिसात आपल्या बापाचं नाव पहिलं घातलंस. त्यांचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण मला एकदा विचारायचं होतंस.

आई


घाटकोपर, २२ मार्च २०२५

जान्हवी,

तुझं पाकीट मिळालं. टाइप केलेलं पत्र, सोबत डॉक्टरचा नंबर आणि मानवी हक्कांची ती छोटी पुस्तिका. आईला टाइप करून पत्र लिहिणारी पोरगी मी जन्माला घातली, धन्य आहे माझी.

डॉक्टरकडे जाणार नाही. मला काही झालेलं नाही. एक माणूस मला भेटायला येतं, एवढंच.

पुस्तिका वाचली. नवऱ्याला चहा देताना वाचली, देवळात बसून वाचली. चांगली आहे. सगळी माणसं सारखीच जन्माला येतात हे पहिल्याच कलमात आहे, ते सखूबाईलाही ठाऊक होतं, ती सुईणीचं काम करायची. पण मला पटलं ते सत्ताविसावं. माणसाला आपल्या समाजाच्या सणावारात, कलेत, सगळ्यात भाग घ्यायचा हक्क आहे, असं काहीतरी लिहिलंय. हे तू वाचलं होतंस का गं? मग त्या दिवशी कांजूरला सखूबाईच्या घरी तिच्या तोंडावर काय म्हणालीस ते आठव. "काकी, ज्यांनी तुम्हाला वाळीत टाकलं त्यांच्या देवीची पालखी दारात हवीच कशाला?" तू तावातावाने बोलून गेलीस. तुझी पाठ वळल्यावर ती उठली, देवीच्या फोटोपुढे उभी राहिली आणि तिने कान धरले. तुझ्या वतीने.

तुला वाटलं ती मागासलेली आहे. अगं, तिला वाळीत टाकलं म्हणजे काय काढून घेतलं होतं? किराणा बंद नव्हता, नळ बंद नव्हता. कांजूरच्या त्या इमारतीत शेजारी गुजराती, भय्ये, मुसलमान, सगळे तिला "मौसी" म्हणत डबा आणून देत. तिच्याकडून काढून घेतली ती पालखी. ढोल वाजला की कुणाच्या दारात जायचं आणि आपल्या दारात कोण येणार, तेच काढून घेतलं. आणि तू म्हणतेस, हवी कशाला. गावकीने दार बंद केलं आणि तू म्हणालीस, दाराची गरजच काय.

असो. भांडायला हे पत्र लिहीत नाही. खरं तर भांडायलाच लिहिते आहे, पण ते राहू दे.

देवीची पालखी माघात मुंबईला आली ते तुला कळलं असेल. पाच वर्षांनी एकदा येते. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, गोवंडी, जिथे जिथे गाववाले तिथे टेम्पोतून फिरते. सखूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिचं मागणं एकच, "माका ओटी भरूची नाय. नमिता पण भरूची नाय. निधी पोर आसा, ती नारळ ठेवीत. नुसती दारात येव दे."

मी ते तुझ्या वडिलांच्या कानावर घातलं. ते जेवत होते, घास हातातच राहिला. गिरणी सुटून हे मुंबईत नोकरी शोधत होते तेव्हा सखूबाईनेच त्यांना जेवू घातलंय. वहिनी म्हणजे त्यांना दुसरी आई. मंडळाचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश बसला होता, तो मध्येच म्हणाला, "काकू, केस मागे घ्या ना. केस मागे, पालखी दारात. सिंपल आहे." तुझ्या वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला.

मी नमिताला विचारलं. नमिता म्हणाली, "काकी, आत्याबाईंसाठी मी मागे घेईन. तुम्ही सांगा." तिने निर्णय माझ्यावर टाकला. आणि तू तिला फोनवर सांगितलंस की हक्काचा सौदा होत नाही. तेव्हा मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की देवीला ऐकू गेल्या असतील. पण नमिताला मी केस मागे घे असं म्हटलं नाही. का म्हटलं नाही ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. नमिताच्या निधीकडे बघून जीभ उचलली नाही. ती बारा वर्षांची पोर, तिला मंडळाच्या गुणवंतांच्या यादीतून वगळलं होतं.

सखूबाई परवाही आली. उन्हाची वेळ, दाराशी सावली पडायला हवी, ती पडत नाही. पुन्हा तेच विचारलं.

आई


घाटकोपर, ३ एप्रिल २०२५

जान्हवी,

या वेळी तू हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे. "काकीसमोर मी तसं बोलायला नको होतं," हे वाक्य मी दोनदा वाचलं. आता तुला पुढचं सांगते.

पालखी कांजूरला गेली ती आकाशकडे. आकाश आपल्या गावचाच, सखूबाईच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, सखूबाई चौथ्यावर. म्हणजे देवी तिच्या इमारतीत येणार आणि दोन मजले खालून परत जाणार. सकाळपासून तिथे कचऱ्याच्या डेपोचा वास सुटला होता. नमिताने सांगितलं की आत्याबाई पहाटेपासून धूप घालायला लावताहेत, देवीला घाण वास यायला नको म्हणून. निधीने दारात रांगोळी काढली होती. सखूबाईची खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये कठड्याला लावून ठेवली, म्हणजे खालचं दिसेल.

पालखी आकाशकडून उतरून अंगणात आली. पुढच्या दांड्याला तुझे वडील. ढोल जोरात, पोरं नाचवताहेत. आम्ही बायका मागे. मी वर पाहिलं तर सखूबाई पदर दोन्ही हातांत पसरून बसलेली.

मला काय झालं कोण जाणे. मी पुढे गेले आणि पालखीसमोर उभी राहिले. ढोल थांबला. धाकू गुरव म्हणाला, "काय गो रत्नप्रभा, बाजूक हो."

मी म्हटलं, "या दोघींना वाळीत टाकण्याआधी देवीचा कौल घेतलात का?"

बघ जान्हवी, आपल्याकडे विहीर खणायची तर कौल, शिमग्याची मिरवणूक, रोंबाट कधी काढायचं तर कौल. देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही असं सांगणारी ही माणसं, दोन बायांना वाळीत टाकताना तिला विचारायलाच विसरली. रागाच्या भरात चौघांनी ठरवलं आणि तिच्या नावावर खपवलं. मला वाटलं, आता पकडलं. तुझ्या कायद्याने जे झालं नाही ते आपल्याच रीतीने होईल. मला तेव्हा तुझ्यावर मात केल्याचा केवढा आनंद झाला होता.

चंद्रप्रकाश म्हणाला, "काकू, इथे रस्त्यात कुठे कौल?" पण धाकू गुरव भित्रा माणूस, देवीला न विचारल्याचं त्याच्या मनाला लागलं. त्याने देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. देवीच्या चांदीच्या मुखवट्याला दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पालखी वर जाईल, डावी पडली तर जाणार नाही. सगळी इमारत गॅलऱ्यांमधून बघत होती.

डावी पडली.

वारा होता का? होता. डेपोकडून एक झुळूक आली, वासासकट आली, आणि पाकळी सुटली. पण मी वाऱ्याचं निमित्त सांगणार नाही. उजवी पडली असती तर मी देवीचं नाव घेतलं असतं, मग डावी पडली तर वाऱ्याचं नाव कसं घेऊ? कौल मीच मागितला होता.

तुझे वडील वर बघत नव्हते. त्यांनी दांडा खांद्यावर घेतला आणि पालखी निघाली. मी चौथ्या मजल्यावर गेले. लिफ्ट बंद. गेले तेव्हा सखूबाईचा पदर तसाच पसरलेला, तिने सगळं पाहिलं होतं. मी तिच्या पायाशी बसले. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. खरंच कळत नसल्यासारखं तिने मला विचारलं,

"देवीन नाय म्हटल्यान. म्हणान मी माणूस न्हय?"

मी तिचे पाय दाबत बसले. आठवड्याभरात ती गेली.

दारात येऊन ती हेच विचारते. तोच आवाज, तसाच शांत.

मयताला गावचं कुणी आलं नाही. खांदा दिला तो शेजारच्या हर्षदभाईंनी, एका रिक्षावाल्याने आणि खालच्या मजल्यावरच्या दोन मुसलमान पोरांनी. मी गेले होते. तुझे वडीलही आले होते, हे कुणाला ठाऊक नाही. स्मशानाच्या बाहेर रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीशी उभे होते. मी पाहिलं, त्यांनी मला पाहिलं, आणि घरी आल्यावर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

आता मला झोप लागत नाही ती कशाने, सांगू? देवी रागावेल म्हणून नाही. मी सखूबाईचा जीव पाकळीवर लावला म्हणून. तिला दारात पालखी मिळायलाच हवी होती, ती काय कुणाला विचारून ठरवायची गोष्ट होती? मी विचारलं तिथेच हरले. उजवी पडली असती तर आम्ही सगळ्यांनी देवीचा जयजयकार केला असता, आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणा बाईला डावी पडली असती.

तुझ्या त्या पुस्तिकेत कौल कुठेच नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आई


घाटकोपर, १९ एप्रिल २०२५

जान्हवी,

काल पोलीस चौकीत जाऊन जबाब दिला.

आधी घरी सांगितलं. तुझ्या वडिलांना ताट वाढलं आणि म्हटलं, उद्या मी जाणार आहे. ते म्हणाले, "माझ्याविरुद्ध?" मी म्हटलं, जे ऐकलं ते सांगणार. सभेत ठराव कोणी वाचला असं विचारलं तर तुमचं नाव सांगणार. त्यात माझ्या पदरचं काही घालणार नाही आणि काही वगळणारही नाही.

मला वाटलं ताट भिरकावतील. त्यांनी भात कालवला, तसाच ठेवला. मग म्हणाले, "वयनी तुका दिसता मां?"

हे मी त्यांना कधी बोलले नव्हते.

"माका पण दिसता," म्हणाले. "मंडळाच्या कचेरीच्या दारात. तुका काय बोलता?"

मी सांगितलं काय बोलते ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माका काय विचारीत नाय. माझ्याकडे नुसती बघता." आणि तुझा बाप, तो अध्यक्ष दत्ताराम, ज्याच्या आवाजाने सभा गप्प व्हायची, ताटावर बसून लहान पोरासारखा रडला. मी त्यांना रडू दिलं. समजूत काढायची म्हटली तर काय काढणार होते?

"जाव नको" असं ते म्हणाले नाहीत. "जा" असंही म्हणाले नाहीत. सकाळी मी निघाले तेव्हा चपला घालून तेही निघाले. चौकीपर्यंत माझ्या पुढे दोन पावलं चालत होते, नेहमीसारखे. आत आले नाहीत.

जबाब घेणारी पोरगी तुझ्याच वयाची होती. आरोपी तुमचे कोण, तिने विचारलं. मी म्हटलं, नवरा. तिने पेन थांबवलं, "आजी, कुणी जबरदस्ती तर केली नाही ना?" मी म्हटलं, बाळा, लग्नापासून माझ्यावर जी काय जबरदस्ती झाली असेल ती गप्प बसायची. बोलायची कुणी केली नाही. मग सगळं सांगितलं. ठराव, पालखी, कौल, खांदा. कौल मी मागितला हेही लिहून घ्यायला लावलं.

बाहेर आले तर ते बाकावर बसलेले. म्हणाले, "पुढच्या तारखेक मी पण सांगतलय. मी वाचलय म्हणान." वकिलाला विचारा आधी, मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत मंडळात कळलं. चंद्रप्रकाश आला, दारातूनच बोलला, आत पाऊल टाकलं नाही. "काका, राजीनामा द्या. आणि काकू, आता लोक काय ठरवतील ते माझ्या हातात नाही हां." मी त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला. तेव्हा कळलं की ठरलं आहे. गंमत बघ, आता कायद्याच्या भीतीने ठराव कुणी लिहीत नाही, वाचत नाही. नुसतं पाणी पीत नाहीत.

आज दिवसभर फोन वाजला नाही. तुझे वडील तो हातात घेऊन बसलेत. दुपारी मी दाराकडे बघत होते, ती आली नाही. बरं वाटायला हवं होतं. उलट फार एकटं वाटलं, मोठ्याने रडावंसं वाटलं. संध्याकाळी नमिता आणि निधी आल्या, उंबरा ओलांडून आल्या. निधीने दोन पेले पाणी प्यायलं आणि तिसरा मागितला. उन्हातून आली होती ती.

आता तुझ्याकडे एक मागणं. पुढल्या शिमग्याला मी गावी जाणार. हे येतील न येतील. पालखी वाडीत येईल, आपलं दार सोडून पुढच्या दारात जाईल. मी दार उघडं ठेवणार आहे. नारळ, तांदूळ, खण, सगळं सुपात तयार ठेवणार, आणि ओटी नमिता भरणार. पालखी थांबली नाही तरी आम्ही उभ्या राहणार. त्याच्या पुढच्या वर्षीही.

तू ये. तुझा देवीवर विश्वास नाही ते मला ठाऊक आहे, हात जोडू नकोस, काही नको. गावातले सगळे बघत असतील आणि आमच्या दारावरून ढोल वाजत पुढे जाईल तेव्हा मला दार लोटून आत पळावंसं वाटेल, एवढंच. तेव्हा माझ्या शेजारी उभी राहा.

आई